माझी तक्रार अम्मीकडं

...न्हाई न्हाई, गाडीत बसू नका अजून, आधी हे ऐका. सहादूचा चेतन मला म्हनतो, "दिलावरभाई, ॲपच्या गाडीची तक्रार करता येती. तुमची कुठं करायची?" आता ह्याला काय म्हनावं? मिसरूड फुटल्यापासनं मी मिरजगावच्या स्टँडवर गाडी लावतोय, आन् माझी तक्रार कुठं करायची ते ह्याला ठाव न्हाई? अख्ख्या गावाला ठाव हाय. माझी तक्रार अम्मीकडं जाती.

तुमाला सांगतो, मागं गोजरबाईला नगरहून, लेकीकडनं घिऊन आलो. स्पीडब्रेकरवर गाडी जराशी... जराशीच हां... उडाली, आन् तिच्या लोनच्याच्या बरनीचं झाकन निघालं. तेल सगळं लुगड्यावर. म्हातारी चकार शब्द बोलली न्हाई. मला वाटलं, सुटलो. तिला दारात उतरवलं, गाडी लावली, पान खाल्लं, घरी गेलो, तर तक्रार आत बसून चहा पीत हुती! अम्मी म्हनली, "गाडी तू चालवतो का स्पीडब्रेकर?" धुतलं मी लुगडं, गोजरबाईच्या देखत. ती पाटावर बसून सांगती, "काठाकडं अजून हाय रं थोडं." कोनतं ॲप लुगडं धुतं, सांगा की.

आन् ह्या चेतनचं ॲप? पोटुशी बायकू, प्रज्ञा, तिला घिऊन पुन्याहून निघाला. ड्रायव्हरनं हायवेला उतरवलं. म्हनतो, "सर, मॅपमध्ये लोकेशन हेच दाखवतंय." चौफेर ज्वारी! गाडी गेली निघून. चेतननं तिथंच उभ्या उभ्या तक्रार केली, तर उत्तर आलं, "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपला प्रवास कसा वाटला?" हे 'आम्ही' कोन? कुठल्या गावचे? कुनाचे? तो ड्रायव्हर वाईट न्हवता हो. त्याची आई लांब हाय, एवढंच.

मग फोन कुनाला? मलाच. गेलो, पोरीला पुढं बसवलं, स्पीडब्रेकर आला की गाडी अशी उतरवली, पोटातल्या बाळालासुदिक कळलं नसंल. आन् त्या गाडीत बसून ह्यो इचारतो, तक्रार कुठं करायची! म्या छाती फुगवून सांगितलं, "जा, अम्मीकडं जा. माझी तक्रार तिथंच जाती."

गेला की लेकाचा.

"चाची," म्हनला, "गाडी लोन्यासारखी चालवतात. पन सारा रस्ता स्वतःचंच कौतुक. प्रज्ञाचा डोळा लागू दिला न्हाई."

अम्मीनं जागेवर निकाल दिला. गाडीत बसलं की तोंड बंद. म्हनून हे सगळं तुमाला हितं, खाली उभं राहून सांगतोय...

चला, बसा आता. नगर येईस्तवर मी बोलनार न्हाई. आन् बोललोच, तर तक्रार कुठं करायची ते तुमाला कळलंच हाय.