ह्याच हातांनी ओवसा

माझं माहेर थळच्या अलीकडलं, भातशेतीचं गाव, आमच्या बांधावर उभं राहिलं की खताच्या कारखान्याच्या चिमण्या दिसायच्या, बाबा तिथंच ठेकेदाराकडं कामाला, सुटी असली की शेतात. लावणीला आम्ही सगळी भावंडं चिखलात, मी तर चालायला लागले तवापासनं. ते का सांगते, तर लोकांना वाटतं ही लॅबवाली, हिनं कधी पाय मळवले नसतील, पण काय सांगू तुम्हाला, रक्त काढायचं मी चिखलातनंच शिकले. रोप खोचताना मूळ नीट बसलं का न्हाय ते गढूळ पाण्यात दिसत न्हाय, बोटाला कळतं, तशीच शीर पण डोळ्यानं न्हाय शोधायची, बोटानं शोधायची.

शाळेत सरांनी एकदा आमच्याच शेतातलं पाणी काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवलं, सगळ्यांनी रांगेनं बघायचं होतं. मी डोळा लावला आणि आत काहीबाही वळवळत होतं, पळत होतं, ज्या पाण्यात आम्ही दिवसभर उभं राहायचो ते असं जिवंत. सर बोलले चल, पुढच्याला बघू दे. मी हललेच न्हाय. शेवटी मागच्या पोरीनं माझी वेणी धरून ओढली, तवा कुठं बाजूला झाले, आणि झाले ती आजपर्यंत त्याच नळकांड्यात डोळा घालून बसले आहे.

बारावी सायन्स झाली तर मामा बोलला डी.एड. कर, मास्तरीण हो, बाईमाणसाला बरं असतं. काका बोलले आता हिचं उजवून टाका. मी बोलले मला लॅबचा डिप्लोमा करायचाय. आय विचारते, त्यात काय करतात, तर मी सरळ सांगितलं, रक्त, लघवी, थुंकी, संडास, सगळं तपासतात. आय सुपातले तांदूळ निवडत राहिली, मग हळूच बोलली, बाबांना फक्त रक्त सांग.

तर असं रक्ताच्या जोरावर मी पनवेलला शिकायला गेले. पहिली सुई आम्ही पोरींनी एकमेकींनाच टोचायची, माझी जोडीदारीण रडली, मी पण रडले, दोघींचे हात कोपराच्या आतल्या बाजूनं निळे पडले, आणि सुटीत घरी गेले तर काका बोलले हे शिक्षण हाय का मारामारी. पण मी शिकले. जांभळ्या झाकणाची नळी कशाला, लाल झाकणाची कशाला, काचपट्टीवर रक्त पसरायचं किती पातळ, सगळं. आणि एक गोष्ट आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितली, ती मी पदराला गाठ मारून ठेवली. बाटली तुमच्या हातात आली की तुमचं तोंड शिवलं. आतलं काय ते डॉक्टरला आणि पेशंटला, तिसऱ्याला न्हाय, नवऱ्याला पण न्हाय.

अलिबागला एका खाजगी लॅबमध्ये लागले आणि लग्न झालं. सासर पोयनाडच्या आतलं, हे तवा न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात, आठवड्यातनं एकदा घरी. सासूबाई वाईट न्हायत हो, मी त्यांना आईच बोलते, पण विटाळ म्हणजे विटाळ. कामावरनं आले की मागीलदारी जायचं, आधी न्हाणीत आंघोळ, मग घरात. ते मी केलं, आंघोळीनं कुणाचं काय बिघडत न्हाय. पण आंघोळ करूनसुद्धा देव्हाऱ्याला हात न्हाय लावायचा, माझं पाण्याचं भांडं पण वेगळं. ह्यांना सांगितलं तर हे बोलले, जाऊ दे ना. आमच्या ह्यांचं सगळं आयुष्य जाऊ दे ना मध्येच गेलं.

आणि आता गंमत ऐका. ज्या बाया पुढल्या दारात माझ्यापासनं लुगडं सावरून बसायच्या, त्याच मागीलदारी यायच्या. वनिता, हे जरा उद्या घेऊन जाशील? वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली, पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी पिशवी. कुणाला अलिबागला जायला सवड न्हाय, कुणाला नवऱ्याला कळू द्यायचं न्हाय, कुणाला नुसती धास्ती. मी नेत होते. सगळ्यांचं नेलं.

मोठी काकी म्हणजे आमची चुलत सासू, घराण्यातली वडील, तिचा शब्द खाली पडत न्हाय, आणि माझ्या कामाला सगळ्यात जास्त नावं तीच ठेवायची. ती पण एक दिवस आली मागीलदारी. तिला सारखी तहान लागायची, भीती वाटत होती. मी नमुना नेला, लॅबमध्ये पट्टी बुडवली तर पट्टी साखरेला अशी गडद झाली की मीच घाबरले, एवढी साखर असती तर बाई चालत आलीच नसती. मग बाटली उचलली, वास घेतला. कोकमाचं सरबत! पाक घातलेल्या सरबताची बाटली, न धुता नुसती उलटी करून तिच्यातच नमुना दिलेला. मी रिपोर्ट केलाच न्हाय. घरी जाऊन काकीला बोलले, हे चालणार न्हाय, ही लॅबची बाटली घ्या, सकाळचं पहिलं द्या. कारण सांगितलं तशी ती अशी लाजली की पुढं महिनाभर माझ्याशी बोलली न्हाय. दुसऱ्या बाटलीत साखर बिखर काय निघाली न्हाय.

पुढल्या भादव्यात पूर्वा नक्षत्रावर गौर आली. आमच्याकडं नवी सून तवाच पहिला ओवसा घेते. माहेराहून सुपं येतात, त्यात नारळ, फळं, सगळं सुताचा दोरा गुंडाळून सुतवलेलं, ती सुपं गौरीपुढं ओवाळायची आणि मग घराण्यातल्या वडील बायांच्या पदरात वाण द्यायचं. ओवसा झाला की तू ह्या घरची, तोवर पाहुणी. दर वर्षी पूर्वा येत न्हाय, हुकला की बसा वाट बघत. माझे बाबा एसटीतनं सुपं मांडीवर धरून घेऊन आले, एकाला चीर पडू दिली न्हाय.

आदल्या दिवशी आई बोलल्या, सूप धरायचं तर काम सोड, निदान आजपासनं सोडते असं गौरीपुढं बोल, आणि अंगावर गोमूत्र घे. मी बोलले, आई, आंघोळ मी दोनदा करीन, पण काम सोडणार न्हाय. आणि गाईचं अंगावर शिंपडायचं नि माणसाचं तपासायचं पण न्हाय, हा कुठला न्याय. बाबा ओटीवर बसले होते, त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं संपलं, बाबा सुपं परत घेऊन जाणार.

गौरीच्या दिवशी सगळ्या बाया जमल्या, मी नवं लुगडं नेसून सुपं मांडली. काम सोडलं का ते कुणी विचारलं न्हाय, मी पण सांगितलं न्हाय. आई गोमूत्राची वाटी घेऊन उभ्या. तेवढ्यात मोठी काकी बोलली, ह्या हातानं गौरीला? लोकांचं हगणं-मुतणं उपसणाऱ्या हातानं? हातातली वाटी आईंनी पुढं केली. आणि माझं डोकं असं तापलं, काय सांगू, जिभेच्या टोकाशी ते सरबत येऊन बसलं होतं. एक शब्द बोलले असते तर सगळं घर हसलं असतं आणि काकीला तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण तोंड शिवलेलं. बाटली ती बाटली.

मी सूप छातीशी धरलं आणि एवढंच बोलले, हिथं बसलेल्यांत जिची बाटली ह्या हातानं कधी नेली न्हाय, तिनं उठावं आणि मला विटाळशी म्हणावं. मी सूप ठेवते आणि बाबांबरोबर परत जाते.

कुणी उठलं न्हाय. कुणी बांगड्या बघतंय, कुणी गौरीचा मुखवटा बघतंय, एकीला एकदम खोकला आला. प्रत्येकीला वाटत होतं आपणच एकट्या, आणि आता कळलं सगळ्याच. पहिल्यांदा आई हलल्या. त्यांनी वाटी कोनाड्यात ठेवली, कारण आई पण त्यातल्याच, आणि बोलल्या, खोळंबा नको, सूप उचल. मी ओवसले. पहिलं वाण रिवाजाप्रमाणं मोठ्या काकीचं. तिनं पदर पसरला, माझ्याकडं न बघता अगदी बारीक आवाजात विचारलं,

“कुणाला बोलली न्हायस ना गं?”

मी बोलले, “काय ते काकी? मला काय ठाऊक?”

तिनं वाण घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, जरा जोरातच.

आता पोयनाडला नाक्यावर माझी स्वतःची लॅब हाय, छोटी, दोन पोरी हाताखाली, एक आमच्याच गावची. काय काय बोलणारे अजून हायत, बोलू देत. हात मी दिवसभर धुते, नमुन्याआधी, नमुन्यानंतर, पण ते पुढच्या माणसासाठी, विटाळासाठी न्हाय. आई थकल्यात, दुसऱ्या कुणाची सुई घेत न्हायत, वनिताला बोलवा म्हणतात. देव्हाऱ्यातली वात मीच लावते.

आणि तुम्ही म्हणाल, एवढं तोंड शिवलेलं तर मला सरबताचं कसं सांगितलंस. तर काकीला विचारून सांगितलं. काल मुद्दाम गेले होते, बोलले, एक बाई माझं लिहून घेणार हायत, तुमचं सांगू का. खूप म्हातारी झाली आता, हसली, बोळकं उघडून हसली, बोलली, सांग, पण पाक सरबतातला होता हे पण लिहायला सांग, न्हायतर लोकांना वाटेल मलाच साखर हाय. लिहा तसं. देव तिला ठणठणीत ठेवो, आणि ज्यांना माझ्या हाताचा विटाळ वाटतो त्यांना पण ठेवो. न्हायच ठेवलं तर मी नाक्यावर हाय, यावं त्यांनी, पुढल्या दारानं यावं, फक्त बाटली धुवून आणावी.