एकदम फ्रेश

(संध्याकाळ. नणंद नुकतीच दुकानातून आली आहे. भावजय बेसिनपाशी हात घासते आहे.)

भावजय: अख्खा साबण संपवला ताई, तरी वास जात नाही. नखांत बसलाय मेला.

नणंद: आधी जरा फ्रेश हो, मग बोलू.

भावजय: तो शब्द नका काढू. ओकारी येते.

नणंद: शब्दाने काय तुझं घोडं मारलंय?

भावजय: परवाचं चिकन व्हिनेगरने धुवायचं, बुळबुळ पुसायची, वर मसाला थापायचा, आणि डब्यावर स्टिकर काय, तर फ्रेश! शी!

नणंद: मसाला आजचाच असतो ना? मग झालं फ्रेश. सगळ्या काउंटरवर हेच चालतं.

भावजय: आणि साहेब मला म्हणतात, 'फ्रेशर आहेस, शिकशील.' काय शिकू? सडक्याला नटवायला?

नणंद: म्हणून गिऱ्हाइकांदेखत ट्रे कचऱ्यात उलटा करायचा? माझ्या शब्दावर कामाला घेतलं होतं तुला. साहेबांनी निरोप दिलाय, उद्या फ्रेश मूडमध्ये ये आणि माफी माग. नाहीतर तू घरी, आणि तुझ्यामागोमाग मी.

भावजय: काउंटरवर आलेले ते आजोबा काय म्हणाले, ऐकलंत ना? 'बायको आजच दवाखान्यातून घरी आलीये. सूप करायचंय. फ्रेश आहे ना?' तुम्ही हसून म्हणालात, 'एकदम फ्रेश!'

नणंद: दिवसभर तेच म्हणते मी. जिभेला सवय झालीये.

भावजय: मला तुमच्या हसण्याचीच किळस आली, ताई. चिकनची नंतर.

नणंद: हो बाई, तूच तेवढी धुतल्या तांदळासारखी! ही पिशवी घे. आईला सूप कर. ताप उतरल्यापासून पोटात काही नाही तिच्या.

भावजय: चिकन? आपल्या काउंटरवरचं?

नणंद: पातेलं काढ आधी.

भावजय: आपल्याला तर अर्ध्या किमतीत मिळतं.

नणंद: कोपऱ्यावरच्या खाटकाकडून आणलंय. समोर उभं राहून कापून घेतलं.

भावजय: यावर स्टिकर नाही.

नणंद: बघू नकोस अशी माझ्याकडे.

भावजय: त्या आजोबांच्या बायकोतही आईच दिसल्या असत्या तुम्हाला, तर?

नणंद: सूप चढव. सरक जरा.

भावजय: आणि उद्याची माफी?

नणंद: हात तर धुऊ दे आधी.

भावजय: साबण संपलाय, ताई.