हिमाचलचा मासा आणि आमचा श्रावण

साखरेची वाटी घेऊन मी शेजारी सहजच डोकावले, तर आण्णा पुढच्या सोप्यात गळ फेकायचा सराव करत होते. अख्ख्या घराला घेऊन हिमाचलात ट्राउट मासा धरायला जायचं होतं. गळाला कोंबड्याच्या पिसांची खोटी माशी. ती नेमकी भिंतीवरच्या कॅलेंडरात अडकली आणि कॅलेंडर माझ्या पायाशी पडलं. उचललंच होतं म्हणून तारखा बघत विचारलं, "निघायचं कधी?"

"राखीच्या दुसऱ्या दिवशी. तिकिटंबी काढली."

"म्हंजे भर श्रावणात?"

आत त्यांची बायको सुमन माशासाठी मसाला कुटत होती. कुटणं थांबलं.

"अवो, चार महिनं मासं मासं करताय, श्रावण बघायचा न्हाय? मी न्हाय खाणार!"

आण्णांचा चेहराच उतरला. मलाच वाईट वाटलं. म्हटलं, "धरून परत सोडा की."

"सोडायला हिमाचलात कशाला? आपला रंकाळा तलाव काय वाईट हाय?" आण्णा म्हणाले.

मग त्यांनी तिकडं मिलिटरीत असलेल्या मेव्हण्याला फोन लावला आणि तो ठेवून छाती फुगवून म्हणाले, "तिकडं म्हयना पुनवंला बदलतोय. तिकडचा श्रावण राखीलाच संपतोय!"

"आणि आपला?" सुमननं विचारलं.

"आपला हितंच ठेवून जाऊ. शेजारच्या वैनी पाळतील. तसंबी आपल्या घरावर ध्यान त्यांचंच असतंय की!"