मशीनच्या खणातलं पाकीट

(कुटुंब नियोजन दवाखान्यातली पडद्यामागची खोली. नर्स आणि कपड्यांच्या कारखान्यातली शिलाईवाली.)

शिलाईवाली : दोन रेघा म्हणजे आहेच ना, सिस्टर?

नर्स : आहेच. गोळ्या मीच दिल्या होत्या तुला. घेत नव्हतीस?

शिलाईवाली : घेत होते की. जेवणाची सुट्टी झाली की आधी गोळी, मग डबा.

नर्स : म्हणजे कारखान्यात?

शिलाईवाली : पाकीट मशीनच्या खणात असतं. घरी कुठं ठेवू? खोली एक, माणसं सहा, अन् कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला.

नर्स : आणि रविवारी?

शिलाईवाली : रविवारी कारखाना बंद असतो.

नर्स : अगं बाई.

शिलाईवाली : तुम्हीच म्हणालात, एक राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घे. दर सोमवारी दोन घ्यायचे. मग गेल्या महिन्यात वीज नाही म्हणून पाच दिवस कुलूप लागलं. उघडल्यावर सहा घेतल्या. पाच मागच्या, एक त्या दिवशीची. दिवसभर ओकत होते. मुकादम म्हणाला, नाटकं करते. चुकला का हिशेब?

नर्स : हिशेब बरोबर आहे गं. शरीराला तो कळत नाही. तरी म्हटलं होतं, नवऱ्याचं ऑपरेशन करून घे. थोड्या वेळाचं काम.

शिलाईवाली : पाठीवर पोती वाहतो तो. त्याची आई म्हणते, ताकद गेली तर खाणार काय?

नर्स : ताकद जात नाही.

शिलाईवाली : सांगून पाहिलं. म्हणाला, तुझ्या सिस्टरच्या नवऱ्यानं केलंय का, विचारून ये.

नर्स : नाही केलं. माझंच झालं. बँकेत आहेत, चार बुकं शिकलेत, पण हा विषय निघाला की कान बंद. घरोघरी मातीच्या चुली. मला स्वतःचं कपाट तरी होतं.

शिलाईवाली : मग मी त्याला कुठल्या तोंडानं सांगू?

नर्स : त्याच्याशी मी बोलेन. आधी हे बघू. अजून लवकर आहे. ठेवायचं असेल तर ठेव, नसेल तर तीही सोय होते.

शिलाईवाली : सासूबाईंना तिसरं हवंय. तो नुसती मान खाली घालेल. अन् कारखान्यात कळलं तर माझं मशीन दुसरीला देतील.

नर्स : हे सगळ्यांचं झालं. तुला काय हवंय?

शिलाईवाली : मला?

नर्स : तुलाच विचारतेय.

शिलाईवाली : इथं घटकाभर बसू द्या, सिस्टर. घरी गप्प बसले की लगेच विचारतात, काय झालं म्हणून.