कुरकुरणारं चाक

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सुजलेल्या गालाचे एक वडील आणि त्यांची मुलगी बसली होती.

"बाबा, चाकांचं ठरलं."

"ठरायचंय काय? खेळण्यातल्या गाड्यांना आता विकतचीच चाकं लावायची. मी बनवलेली कुरकुरतात, माहितीये मला."

"अहो, विकतची चाकं लावून पहिल्या गाड्या दिल्या ना, त्या सगळ्या परत आल्या."

"मोडल्या?"

"छे! अशा पळतात की हूं नाही की चूं नाही. तीच तर तक्रार आहे. आया म्हणतात, पूर्वी कुरकुर ऐकली की पोर कुठल्या खोलीत आहे ते कळायचं. आता दिवसभर मागे धावावं लागतं."

"मग त्या चाकांच्या कारखानदाराला सांग, कुरकुरणारी दे म्हणावं."

"सांगितलं. नमुना म्हणून तुमचं चाकही पाठवलं."

"मग?"

"हात टेकले त्यांनी. म्हणाले, आमच्या यंत्रावर इतकं वाकडं चाक निघतच नाही."

"असं म्हणाले?"

"शब्दशः! म्हणजे आता चाकं घरीच, तुमच्याच हातची. बाबा, हसू नका, दाढ दुखेल."

"दुखू दे गं! मला आधी सांग, कुरकुर अजून थोडी वाढवू का?"