भरतची पहिली तार

— आरं, चहा तरी घे सावळाराम, उभ्या उभ्या काय निघालास. बेल्ह्याला असा किती वेळ लागतोय, जीप हाय तुझी, नारायणगाव, मग आळेफाटा, तासाभरात धर्माजीच्या दारात असशील. बस. आपल्या वर्गातलं कोण कुठं हाय ते विचारत व्हतास न्हवं — गेनू नाशकाला हाय, बँकेत, पोरगी तेजस्विनी अमेरिकेला दिली. आठवड्याला त्याचा फोन येतो शाळेत, मास्तर, आज अमुक शिखर घेतलं, तमुक ऱ्हायलं — टीव्हीवर बघून सांगतो, कबड्डीचे गुण सांगावे तसं. मी आपला हं हं करतो. त्याचं तरी काय चुकलं, त्याचं कुणी न्हाई तिथं कारगिलला. आन आपण तरी पासष्टच्या लढाईत काय केलं व्हतं — हॉस्टेलच्या काचांना काळे कागद चिकटवले, एनसीसीच्या परेडला छाती काढून चाललो, आन मी खाटेवर उभा ऱ्हाऊन भाषण ठोकलं. धर्माजी तेवढा कोपऱ्यात बसून म्हनला व्हता, भिमा, ज्यांची पोरं तिकडं हायेत ती माणसं जेवत असतील का रं. हसलो आपण त्याला. तू पण हसला व्हतास.

न्हाई, मी न्हाई येत. कंबर धरलीय. पुढं बसवशील, हळू चालवशील, ते खरं — पण न्हाई. धर्माजीच्या पोराच्या दहाव्याला का गेलो न्हाई? कंबरंमुळंच की. म्हंजे, अंत्यविधीला गेलो व्हतो मी. पप्पूला आणला त्या दिवशी बेल्ह्यात पाय ठेवायला जागा नव्हती, मी शाळेच्या पोरांच्या मागं उभा. पप्पू घरचं नाव रं, चोवीस वर्षांचा गडी व्हता, आमच्या भरतबरोबर एकाच दिवशी भरती झालेला, एकाच पलटणीत. तर धर्माजीनं मला हेरलं. माणसं बाजूला सारत आला, माझा हात हातात घेतला, आन म्हनला — भिमा, तुझ्या भरतची तार उशिरा आली ते बरं झालं. दोघं एकदम गेले असते तर आपण कुणाच्या तोंडाकडं बघितलं असतं. — असं म्हनला. स्वतःचं पोर तिथं पेटीत, आन मला म्हनतो बरं झालं. आता सांग, त्या दारात मी कुठल्या तोंडानं जाऊ.

का म्हंजे — आरं, त्याला पोर पाठवायचंच नव्हतं. एकुलता एक. मीच गेलो व्हतो पाच वर्षांमागं, बैलबाजाराच्या दिवशी, गोऱ्ह्याची जोडी बघायला म्हनून, आन दावणीपाशी उभा ऱ्हाऊन तासभर त्याला समजावलं. म्हनलं, धर्माजी, भरत हाय न्हवं संगं. एकाला दुसरा हाय. मी माझाच पोरगा देतोय ना जोडीला, मग भितोस कशाला. मास्तराचा शब्द, त्याला खरा वाटला. मास्तराचं सगळ्यांना खरंच वाटतं.

मे महिन्यात दोघं संगंच रजेवर आले. भरत दोन दिवस घरी ऱ्हायला आन गेला बायकोला घेऊन डोंगरात, सासुरवाडीला, भीमाशंकरच्या अंगाला — पावसाआधी त्यांचं घर शाकारायचं व्हतं. पाठीमागं तार आली. रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. सुट्टीतल्या कामाला मी शाळेत गेलेलो, पोस्टमननं तिथं माझ्याच हातात दिली, मी सही केली. खिशात ठेवली. तवा काय मनात व्हतं इचारशील तर — काईच नव्हतं. संध्याकाळी सांगावा धाडू, म्हनलं. संध्याकाळी म्हनलं, सकाळी. तसं करता करता तिसऱ्या दिवशी पप्पू आला. ह्याच पडवीत. ट्रंक गाडीवर बांधलेली. म्हनला, काका, माझी तार आली, भरतची आली असंल, संगं जाऊ म्हनलं. मी खुर्चीत बसलेलो. तार इथं, ह्या खिशात. म्हनलं, न्हाई बाबा, त्याची न्हाई आली अजून, तू व्हय पुढं. — लगेच विश्वास ठेवला त्यानं. पाया पडला. वाकला तसा मी खिशावर हात ठेवला, कागद वाजू नये म्हनून. पाणी पिला आन गेला एकटा.

कप खाली का ठेवलास. तुला पोरगाच न्हाई, तुला काय कळणार — न्हाई, रागावू नको, तसं न्हाई म्हनायचं मला.

पुढं काय. अकराव्या दिवशी दुसरी तार आली, आन तवा भरत घरी. त्यानंच घेतली. तिच्यात लिवलेलं, आमच्या पहिल्या तारेला उत्तर न्हाई. तशीच सायकल काढली, कळंबला पोस्टात गेला, वहीत माझी सही बघून आला. मी शाळेतनं आलो तर ट्रंक भरून दारात. आईच्या पाया पडला, बायकोला काईतरी म्हनला, आन माझ्याम्होरं येऊन एवढंच — दादा, पप्पूला काय सांगितलं व्हतं तुमी. मी म्हनलं, बस तरी. तो न्हाई बसला. त्यानंतर सतरा दिवसांनी पप्पू गेला. दोघं संगं असते तर तो वाचला असता का, का दोघंही — ते मला कुणी सांगायचं. तुझी वहिनी त्या दिवसापास्नं माझ्याशी बोलत न्हाई. ताट वाढते, झाकून ठेवते, जाते.

चार रोजांमागं पत्र आलं भरतचं. आईच्या नावानं. आता तिला कुठं वाचता येतंय, म्हंजे वाचणार मीच, ते त्याला ठाऊक. मी वाचून दाखवलं — खुशाल हाय, थंडी लई हाय, उशीर झाला म्हनून साहेबानं इचारलं तर घरी नव्हतो असं सांगितलं, बापाचं नाव घेतलं न्हाई. एवढंच वाचलं. तवा तेवढी बोलली ती, म्हनली, कागद दोन्ही बाजूंनी भरलाय आन मजकूर एवढाच व्हय. म्हनलं, अक्षर मोठं हाय.

हे घे, वाच तूच. मागची बाजू. चष्मा लाव. — 'दादांना सांग, धर्माजीकाकांना खरं काय ते त्यांनीच जाऊन सांगावं. त्यांनी नाही सांगितलं तर मी आल्यावर स्वतः सांगणार आहे.' वाचलंस? आता म्हनशील, मग चल, गाडी दारात हाय, मी असतो संगं. म्हननारच तू. चार रोज झाले, रोज धोतर नेसून बसतो मी, आन रोज सोडून ठेवतो. कंबर-बिंबर काई न्हाई, चांगली हाय कंबर. लाज म्हनशील तर लाज हाय, धर्माजी थुंकला तोंडावर तरी पुसणार न्हाई मी. पण ते न्हाई रं. ते अक्षर बघ न्हवं — मी आल्यावर. असं लिवलंय त्यानं. आल्यावर सांगणार हाय. त्याचा शब्द हाय, माझ्यासारखा न्हाई तो, बोलला तसा करतो. मी आज जाऊन सगळं सांगून मोकळा झालो तर त्याला परत यायला काय ऱ्हायलं. मी न्हाई सांगितलं तर त्याला यावं लागंल सावळाराम. बेल्ह्याला जायला, मला खोटं पाडायला तरी — त्याला यावंच लागंल.

काय बघतोस असा. ठेव ते पत्र. घडी तशीच घाल. आन जा आता तू — जा, उगं उशीर करू नको, धर्माजी वाट बघत असंल.