उलिता साव्वातेयेव्नांचा पेला

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या गावचे प्रमुख दाशी बायरोविच. व्यासपीठावर उजवीकडे बसलेले लामा जाम्यान, डावीकडे जुन्या रशियन ख्रिस्ती पंथाचे फादर लिओन्ती, आणि मधोमध आमचे तातार डॉक्टर रिनात खासानोविच (बरंच झालं, दोन्ही बाजूंना खोकला आहे). आजच्या सत्कारमूर्ती उलिता साव्वातेयेव्ना. आणि एवढ्या थंडीत सभागृह भरून टाकणाऱ्या माझ्या गावकऱ्यांनो,

आयुष्यभर आपल्या दवाखान्यात सुईणपण केलेल्या उलिता साव्वातेयेव्ना उद्या लेकीकडे, दूर क्रास्नोयार्स्कला राहायला निघाल्या. या सभागृहातली निम्मी डोकी पहिल्यांदा त्यांच्याच हातात आली. त्यातली काही आज मागे बसून मोबाइल बघताहेत, तेही त्यांना दिसतंय बरं का.

मी सेसेग, शाळेत गणित शिकवते. मला सांगायचंय ते एका पेल्याबद्दल. निळ्या काठाचा, टवका उडालेला एनॅमलचा पेला. उलिता साव्वातेयेव्ना कुठेही गेल्या तरी तो रुमालात बांधून बरोबर. त्या फादर लिओन्तींच्या पंथातल्या, आणि त्या माणसांचं सोवळं आपल्याला ठाऊकच आहे: परक्याच्या भांड्याला ओठ लावायचा नाही. आणि आम्हा बुर्यातांची, लामांच्या माणसांची, रीत अशी, की दारी आलेल्याने दुधाचा घोट घेतल्याशिवाय आत यायचं नाही. सांगा बरं, या दोन रीती एकाच उंबरठ्यावर समोरासमोर आल्या, तर मागे कुणी सरायचं?

तो उंबरठा आमच्या घरचा. माझी आर्युना पोटात आडवी आली होती. बर्फाने उलान-उदेच्या मोठ्या इस्पितळाचा रस्ता बंद, आणि मी आत पलंगावर देवाचा धावा करतेय. दारात सासूबाई वाडगा घेऊन उभ्या. सासूबाई म्हणजे तुमच्या खांडा आजी; स्वभाव आपण जाणताच. त्यांच्यापुढे आमचा कुत्रासुद्धा विचारून भुंकायचा.

"आमच्या दुधाला तोंड लावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मी दूध नाही म्हणत नाही, भांडं नाही म्हणते," उलिता साव्वातेयेव्नांनी रुमाल सोडला. "ह्यात ओत आणि बाजूला हो. पोर अडलंय."

सासूबाईंनी ओतलं. उलिता साव्वातेयेव्नांनी उभ्याउभ्याच पिऊन टाकलं. बाळ त्यांनी कसं फिरवलं ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण दुपारी आर्युना रडली आणि मी जगले. आज ती पहिल्या रांगेत बसली आहे. ऊठ गं, दिसू दे सगळ्यांना.

त्यानंतर दोघींची मैत्री झाली असं म्हणवत नाही. सासूबाई म्हणायच्या, "आली सोवळ्याची महाराणी." आमच्या मिठाच्या चहावर उलिता साव्वातेयेव्ना म्हणायच्या, "तुझ्या चहात मीठ आहे की मिठात चहा?" पण आमच्या नववर्षाला त्या यायच्या, त्यांच्या ईस्टरला सासूबाई त्यांच्याकडे जाऊन रंगीत अंडी घेऊन यायच्या, आणि दरवेळी त्याच पेल्यात दूध ओतलं जायचं.

मागच्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. शेवटच्या दिवशी घसा कोरडा पडलेला, उशाशी त्यांचा वाडगा भरलेला. पण त्यांनी तोंड फिरवलं आणि शेजारी बसलेल्या उलिता साव्वातेयेव्नांकडे पाहून म्हणाल्या, "जन्मभर तुझ्या पेल्यात मी ओतलं. आता तुझ्यातलं मला दे."

फादर, आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता, परक्याचा ओठ लागला की तो पेला कायमचा गेला. उलिता साव्वातेयेव्नांनी रुमाल सोडला. पेला पाण्याने भरला, सासूबाईंची मान उचलली आणि त्यांच्या ओठांना लावला. निघताना तो खिडकीतच राहिला. मी धावत मागे गेले, तर म्हणाल्या, "असू दे. तिचा झालाय तो."

उलिता साव्वातेयेव्ना, तो पेला आमच्या घरी बुद्धाशेजारी आहे. रोज सकाळचं पहिलं दूध त्यातच ठेवते. तो परत देणार नाही, रागावू नका. मात्र या रुमालात एक नवा पेला आहे. निळ्या काठाचा मिळाला नाही, लाल आहे. फादरांच्या पत्नीने स्वतः धुऊन दिला, आमच्यातल्या कुणाचा ओठ त्याला लागलेला नाही. हा तुम्ही न्यायचा नाही. हा आमच्याच घरी तुमची वाट बघत राहील.

अध्यक्षमहाराज, आपण दिलेला वेळ मी कधीच ओलांडला. त्याबद्दल आभार आणि क्षमा दोन्ही. गणिताच्या बाईचं भाषण आहे, काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. आणि उलिता साव्वातेयेव्ना, उद्याची गाडी आमच्या दारावरूनच जाते. दूध घेतल्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही.